रस्त्याचे आवार होताना : नेदरलँड्समधील ‘वोनअर्फ’ आणि रहिवाशांचा सहभाग (१९६० ते १९८८)

प्रस्तावना

नगरांच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी राजवाडे, तटबंदी, बाजारपेठा, गिरण्या आणि नगरपालिका यांच्याभोवती फिरत आले आहे. एका घराच्या उंबरठ्यापासून समोरच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत जी जागा असते, तिचा इतिहास त्यामानाने क्वचितच लिहिला गेला. वास्तविक सामान्य माणसाचे, विशेषतः लहान मुलांचे, स्त्रियांचे व वृद्धांचे सार्वजनिक जीवन याच जागेत घडते. ही जागा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात मोटारगाडीच्या प्रसारामुळे बदलले. हा बदल इतक्या सहजपणे स्वीकारला गेला की, तो कधी व कोणाच्या संमतीने झाला, हेही फारसे विचारले गेले नाही.

नेदरलँड्स या देशात मात्र १९६० व १९७०च्या दशकांत हा प्रश्न विचारला गेला. तो विचारणाऱ्यांत नगररचनाकार होते, अभियंते होते, तसेच राहत्या वस्तीतील माता आणि शाळकरी मुलेही होती. त्यातून ‘वोनअर्फ’ ही संकल्पना प्रत्यक्षात आली व १९७६ साली तिला कायद्याची मान्यता मिळाली. डच भाषेतील ‘वोनन’ म्हणजे राहणे आणि ‘अर्फ’ म्हणजे घराभोवतीचे आवार. मराठीत ‘अंगण’ या शब्दातून जो खासगीही नाही आणि पूर्णतः सार्वजनिकही नाही असा अवकाश सूचित होतो, त्याच्या जवळ जाणारा हा अर्थ आहे. प्रस्तुत लेखात वोनअर्फच्या उदयाचा व विस्ताराचा आढावा घेऊन, त्याच्या यशात आणि मर्यादांत रहिवाशांच्या सहभागाचे स्थान काय होते, याची चर्चा केली आहे.

मोटारीच्या मापाने नगर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुनर्बांधणीच्या काळात डच समाजाची आर्थिक स्थिती झपाट्याने सुधारली. १९६० साली देशात पाच लाखांच्या आसपास मोटारी होत्या. १९७० साली ही संख्या वीस लाखांच्या पुढे गेली. जुनी शहरे मात्र पायी चालणाऱ्यांच्या, सायकलस्वारांच्या आणि होड्यांच्या सोयीने वाढलेली होती. अरुंद गल्ल्या व कालवे यांची रचना मोटारीला अडथळा वाटू लागली. १९५४ साली ॲमस्टरडॅमचे पोलीसप्रमुख कासयागर यांनी शहरातील काही कालवे बुजवून तेथे रस्ते करण्याची योजना मांडली. १९६७ साली अमेरिकन तज्ज्ञ डेव्हिड योकिनेन यांनी त्याहून व्यापक आराखडा पुढे केला. त्यानुसार एक कालवा बुजवून महामार्ग शहराच्या गाभ्यापर्यंत आणावयाचा होता आणि ‘द पाइप’ या दाट कामगार वस्तीच्या जागी कार्यालयीन केंद्र उभारावयाचे होते. या दोन्ही योजना प्रत्यक्षात आल्या नाहीत. तथापि शहर मोटारीच्या मापाने बेतावे, हा विचार त्या काळी किती प्रतिष्ठित होता, हे त्यांवरून लक्षात येते.

या विचाराची किंमत अपघातांत मोजली जात होती. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी नेदरलँड्समध्ये रस्त्यावरील अपघातांत वर्षाला ३,०००हून अधिक माणसे मृत्युमुखी पडत होती. एकट्या १९७१ साली त्यांपैकी ४००हून अधिक मुले होती. लोकसंख्या सव्वा कोटीच्या थोडी वर असलेल्या देशात हे प्रमाण भयावह होते.

अपघात टाळण्याचा रूढ उपाय शिक्षणाचा होता. रस्ता कसा ओलांडावा, वाहनांपासून दूर कसे राहावे, हे मुलांना शाळेत शिकविले जाई. या शिक्षणाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यामागील गृहीतक लक्षात घेतले पाहिजे. रस्ता वाहनांचा आहे, मूल तेथे आगंतुक आहे आणि सावध राहण्याची जबाबदारी प्रामुख्याने मुलाची आहे, असे ते गृहीतक होते. पुढे झालेल्या चळवळीने नेमके हेच गृहीतक उलटे केले.

द पाइपमधील मुले आणि ‘बालहत्या थांबवा’

योकिनेन यांच्या आराखड्यात जिचे अस्तित्व पुसले जाणार होते, त्या द पाइप वस्तीतच रहिवाशांच्या प्रतिकाराचे एक लक्षणीय उदाहरण आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसलेल्या या भागात अरुंद, लांबच लांब रस्ते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना उंच घरे होती. मोकळी जागा जवळजवळ नव्हती. मोटारी वाढल्या तसे रस्त्याच्या दोन्ही कडा उभ्या वाहनांनी व्यापल्या आणि खेळण्यास उरलेली एकमेव जागाही गेली. १९७२ साली दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटात या वस्तीतील शाळकरी मुलांचा प्रयत्न चित्रित झाला. मुलांनी आपल्या अडचणी मांडल्या, रहिवाशांच्या सह्या गोळा केल्या आणि काही काळासाठी रस्ता वाहनांना बंद करून तो खेळण्यासाठी खुला केला. अडथळे हटवू पाहणाऱ्या संतप्त वाहनचालकाशी झालेला संघर्षही त्यात दिसतो. रस्त्यावरील हक्काचा वाद आता शेजाऱ्याशेजाऱ्यांत उघडपणे सुरू झाला होता.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ‘दे टेइड’ या वृत्तपत्रात पत्रकार विक लांगेनहोफ यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वतः रस्ते अपघातात आपले अपत्य गमावले होते. लेखाचे शीर्षक ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाचे होते. ‘अपघात’ या शब्दात दैवाचा भाग येतो. ‘हत्या’ म्हटले की कर्ता आणि जबाबदारी हे दोन्ही प्रश्न उपस्थित होतात. या शब्दबदलाचे महत्त्व मोठे होते. लेखाच्या प्रतिसादातून त्याच नावाची संघटना उभी राहिली आणि मार्त्ये फान पुटन तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पुढे त्या युरोपीय संसदेच्या सदस्यही झाल्या. संघटनेच्या कार्यात तरुण मातांचा पुढाकार होता. त्या काळी बहुसंख्य विवाहित डच स्त्रिया नोकरी करीत नसत. त्यामुळे दिवसभर वस्तीतील रस्ता पाहणाऱ्या आणि त्याचे धोके तपशिलाने जाणणाऱ्या त्याच होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

संघटनेचे मार्ग साधे होते. अपघातप्रवण ठिकाणी ठिय्या देणे, ठरावीक दिवशी रस्ते मुलांसाठी बंद ठेवणे, रस्त्यातच टेबले मांडून सर्व शेजाऱ्यांनी एकत्र भोजन करणे, असे उपक्रम राबविले गेले. पोलिसांचे सहकार्यही अनेकदा लाभले. मुलांना घेऊन कार्यकर्त्या पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरासमोर गेल्या, तेथे गाणी म्हटली आणि सुरक्षित रस्त्यांची मागणी केली. पंतप्रधानांनी बाहेर येऊन त्यांचे म्हणणे ऐकले.

बाह्य परिस्थितीही अनुकूल ठरली. १९७३च्या तेलसंकटामुळे सरकारने ४ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी मोटारी चालविण्यास बंदी केली आणि ती जानेवारी १९७४च्या प्रारंभापर्यंत टिकली. बंदीचा हेतू इंधनबचतीचा होता. तरी तिच्यामुळे लाखो नागरिकांनी मोटारीविना रस्ता प्रत्यक्ष पाहिला. जे आजवर मागणीच्या रूपात होते, ते अनुभवाच्या कक्षेत आले.

डेल्फ्ट : मागणीचे आराखड्यात रूपांतर

आंदोलनाने प्रश्न मांडला जातो. त्याचे उत्तर विटामातीत उतरवावे लागते. हे काम प्रामुख्याने डेल्फ्ट या शहरात झाले. त्याची वैचारिक पूर्वपीठिका मात्र थोडी जुनी आहे. १९६३ साली ब्रिटनमध्ये कॉलिन ब्युकॅनन यांचा ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. वाहनांची सुलभ ये-जा आणि वस्तीतील राहणीमान यांत अंतर्विरोध आहे व प्रत्येक भागाची वाहने सामावण्याची क्षमता मर्यादित असते, असे त्यात प्रतिपादन होते. नगररचनाकार नीक द बूर यांच्यासमोर हाच अंतर्विरोध होता. १९६०च्या दशकात एमेन या शहराच्या नव्या वस्त्यांची आखणी करताना, मोटार आणि खेळणारे मूल एकाच जागेत सुरक्षितपणे सामावता येतील काय, याचा त्यांनी विचार केला. मोटारचालकाला आपण रस्त्यावर नसून कोणाच्या तरी आवारात आलो आहोत असे वाटले, तर तो आपोआप सावकाश जाईल, ही त्यांची मूळ कल्पना होती. ‘वोनअर्फ’ हे नाव त्यांच्याकडेच जाते.

द बूर यांची कल्पना नव्या वस्तीसाठी होती. जुन्या शहरातील अस्तित्वात असलेल्या रस्त्यावर तिचा प्रयोग करण्याचे श्रेय डेल्फ्ट नगरपालिकेतील अभियंता योस्ट व्हाल आणि त्यांचे सहकारी यांना दिले जाते. १९७०च्या सुमारास त्यांनी गतिरोधक, वळणे, झाडे, बाके व वाहने उभी करण्याच्या जागा यांची मांडणी बदलून वेग कमी करण्याचे प्रयोग केले.

येथे एक भौतिक बाब विचारात घ्यावी लागते. पश्चिम नेदरलँड्समधील जमीन मऊ असल्यामुळे रस्ते खचतात आणि ठरावीक काळाने उचलून पुन्हा बसवावे लागतात. त्यासाठी वस्तीतील रस्त्यांवर डांबराऐवजी वाळूच्या थरावर भाजक्या विटांची फरसबंदी करण्याची प्रथा आहे. अशी फरसबंदी हाताने काढता येते आणि त्याच विटा वेगळ्या आकृतीत पुन्हा लावता येतात. त्यामुळे प्रयोग करून पाहणे, चुकल्यास दुरुस्त करणे आणि रहिवाशांच्या सूचनेनुसार फेरबदल करणे तुलनेने सोपे होते. सहभागाची शक्यता अनेकदा अशा सामान्य वाटणाऱ्या तांत्रिक गोष्टींवर अवलंबून असते.

डेल्फ्टच्या संदर्भात एक कथा अनेक लेखनांतून सांगितली जाते. भरधाव वाहनांना कंटाळलेल्या रहिवाशांनी रात्रीच्या वेळी आपल्या रस्त्याची फरसबंदी उखडून वाहनांना नागमोडी जाण्यास भाग पाडले आणि त्यातूनच वोनअर्फ जन्मास आला, अशी ती कथा आहे. कथा आकर्षक आहे. परंतु केवळ तिच्या आधारे या इतिहासाचे आकलन एकांगी ठरते. उखडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पूर्ववत करणे पालिकेला अवघड नव्हते. बदल टिकला, कारण पालिकेतील अभियंत्यांनी रहिवाशांचे म्हणणे तांत्रिक भाषेत उतरविले. उलटपक्षी, हे सारे अभियंत्यांच्या प्रतिभेचे फळ मानणेही योग्य नाही. रस्त्यातील कोणत्या कोपऱ्यावर मुले जमतात, वृद्ध कोठे थांबतात, गाड्या कोठून आडवाटेने शिरतात, हे ज्ञान नकाशात नव्हते; ते तेथे राहणाऱ्यांकडे होते. वोनअर्फ हा या दोन प्रकारच्या ज्ञानांचा संयोग होता.

याच सुमारास अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी केलेल्या अभ्यासातून रहिवाशांच्या अनुभवाला मोजमापाचा आधार मिळाला. त्यांनी परस्परांशी साम्य असलेल्या तीन रस्त्यांची तुलना केली. त्यांवरून दिवसाकाठी अनुक्रमे सुमारे २,०००, ८,००० व १६,००० वाहने जात असत. कमी रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशांचे शेजारातील मित्र सर्वाधिक रहदारीच्या रस्त्याच्या मानाने सुमारे तिप्पट होते. आपल्या ‘घराची’ हद्द कोठपर्यंत वाटते, या प्रश्नाच्या उत्तरातही तशीच तफावत होती. शांत रस्त्यावरील लोक संपूर्ण रस्ता आपला मानत. गजबजलेल्या रस्त्यावरील लोक घराच्या आत आक्रसले होते. हा अभ्यास १९८१ साली ‘लिव्हेबल स्ट्रीट्स’ या ग्रंथात विस्ताराने मांडला गेला. पुढील वर्षी अथेन्समध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने ॲपलयार्ड यांचाच मृत्यू झाला.

१९७६ : कायद्याने बदललेली जबाबदारी

१९७६ साली डच सरकारने वोनअर्फला वाहतूक नियमांत स्थान दिले. या नियमांचे दोन भाग पडतात. पहिला भाग वर्तनाचा होता. पादचाऱ्यांना रस्त्याची संपूर्ण रुंदी वापरता येईल. खेळण्यास परवानगी राहील. वाहनांनी पायी चालण्याच्या गतीनेच जावे. पादचाऱ्यांनीही वाहनांना विनाकारण अडवू नये. मोटारी केवळ खूण केलेल्या जागीच उभ्या कराव्यात, अशा तरतुदी त्यात होत्या. घर, मूल, चेंडू, प्रौढ व्यक्ती आणि मोटार यांची आकृती असलेला निळा फलक वोनअर्फच्या प्रवेशापाशी लावला जाऊ लागला.

दुसरा भाग रचनेचा होता. फलक लावण्यापूर्वी रस्त्याने चौदा निकष पूर्ण करणे आवश्यक होते. भाग मुख्यतः निवासी असावा, बाहेरील वाहनांची येथून ये-जा नसावी, गाडीरस्ता व पदपथ अशी विभागणी दर्शविणारी सलग कड नसावी, प्रवेशाच्या जागा स्पष्ट ओळखता याव्यात, इत्यादी अटी त्यात होत्या. म्हणजेच केवळ फलक लावून वेग कमी होत नाही, ही बाब कायद्यानेच मान्य केली. नियम आणि भूमी यांनी एकच गोष्ट सांगावी, हे या कायद्याचे वैशिष्ट्य होय.

या तरतुदींचा ऐतिहासिक अर्थ मोठा आहे. पूर्वी मुलाने वाहनाला वाट द्यावी अशी अपेक्षा होती. आता वाहनाने मुलाची वाट पाहावी असा नियम झाला. सावधगिरीचे ओझे दुर्बलाकडून बलवानाकडे सरकले. पश्चिम जर्मनीने १९८० साली अशाच स्वरूपाची तरतूद केली, तर ब्रिटनमध्ये ‘होम झोन’ या नावाने ही कल्पना पोहोचून २०००च्या वाहतूक कायद्यात तिला स्थान मिळाले.

अपघाती मृत्यूंच्या घटीचे श्रेय मात्र वोनअर्फला सरसकट देता येत नाही. १९८०पर्यंत वार्षिक मृत्यूंची संख्या २,०००च्या आसपास आली. परंतु या कालखंडात अन्य उपायही योजले गेले होते. १९७४ साली मद्यपान करून वाहन चालविण्यावर निश्चित मर्यादा आली. १९७५ साली मोपेडस्वारांना शिरस्त्राण आणि मोटारीच्या पुढील आसनांवर बसणाऱ्यांना सुरक्षापट्टा सक्तीचा झाला. रस्त्यांचे स्वरूप बदलणे हा या प्रयत्नांचा एक भाग होता. त्याचे वेगळेपण असे की, अन्य उपायांनी मृत्यू टळले, तर वोनअर्फने त्याशिवाय रस्त्याचा उपयोगही परत मिळवून दिला.

मर्यादा : रहिवाशांविना वोनअर्फ

संकल्पनेच्या यशातच तिच्या अडचणींची बीजे होती. चौदा निकष पूर्ण करण्यासाठी संपूर्ण रस्ता नव्याने बांधावा लागे आणि तो खर्च मोठा होता. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आइंडहोवन व राइसवाइक येथे सरकारने तुलनात्मक प्रयोग केले. वोनअर्फपेक्षा कमी खर्चाच्या उपायांनीही सुरक्षितता जवळपास तितकीच साधता येते, असे त्यांतून दिसून आले. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी आर्थिक मंदीमुळे नगरपालिकांचे हात आखडले. त्यामुळे ताशी ३० किलोमीटर वेगमर्यादेच्या विभागांकडे कल वळला. १९८८ साली चौदा निकषांच्या जागी मोजकी सर्वसाधारण तत्त्वे आली आणि ‘वोनअर्फ’ऐवजी ‘अर्फ’ हा व्यापक शब्द योजला गेला. त्यामुळे बाजाराच्या रस्त्यांनाही ही तरतूद लागू करणे शक्य झाले.

खर्चापेक्षा महत्त्वाची मर्यादा सामाजिक स्वरूपाची होती. १९७० व १९८०च्या दशकांत शहरांच्या कडेला मोठ्या प्रमाणावर नव्या वसाहती उभारल्या गेल्या. त्यांत नागमोडी गल्ल्या आणि छोटी आवारे हा ठरीव साचा झाला. नकाशावरील त्यांच्या आकारामुळे त्यांना ‘फुलकोबी वस्ती’ असे नाव पडले. येथे वोनअर्फ होता, परंतु त्यासाठी कोणी सह्या गोळा केल्या नव्हत्या. रहिवासी येण्यापूर्वीच तो आखलेला होता. पत्ता सापडत नाही, वाटा गोंधळात टाकतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. घरटी मोटारींची संख्या वाढली, तसा मोकळ्या जागेवर खुद्द रहिवाशांच्याच मोटारींचा ताण आला. पूर्वी विरोध बाहेरून येणाऱ्या वाहनाला होता. आता प्रश्न शेजाऱ्याच्या आणि स्वतःच्या वाहनाचा होता. शिवाय पदपथाची कड नसल्यामुळे काठीच्या आधाराने चालणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींची दिशेची खूण हरवते, हा आक्षेपही अशा सामाईक रस्त्यांबाबत पुढे आला. ‘पादचारी’ हा एकसंध वर्ग नसतो आणि एकासाठी मुक्त असलेली जागा दुसऱ्यासाठी अनिश्चित असू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रथमतः, वोनअर्फचा उदय एका व्यक्तीच्या कल्पनेतून किंवा एका आंदोलनातून झाला नाही. नगररचनेतील चिंतन, मातांचे संघटन, मुलांची मागणी, पालिकेतील प्रयोगशीलता, तेलसंकट आणि विटांची फरसबंदी अशा भिन्न घटकांचा त्यात वाटा होता. दुसरे असे की, कायद्याचे सामर्थ्य जबाबदारीची दिशा बदलण्यात होते. मुलाला रस्त्याची भीती शिकविण्याऐवजी वाहनचालकाला मुलाची जाणीव शिकविणे, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले.

तिसरा निष्कर्ष अधिक विचारार्ह आहे. जेथे रहिवाशांनी रस्ता मागून, भांडून आणि पालिकेसोबत बसून घडविला, तेथे त्याची राखण करणारेही निर्माण झाले. जेथे तोच आराखडा तयार वस्तूप्रमाणे हाती आला, तेथे आकार राहिला, परंतु त्यामागील करार राहिला नाही. विटांची तीच मांडणी, तेच निळे फलक आणि तीच झाडे असूनही दोन रस्त्यांचे जीवन भिन्न होऊ शकते. नगररचनेच्या इतिहासात यशस्वी आराखड्यांचे अनुकरण वारंवार होते. ते आराखडे ज्या प्रक्रियेतून आले, तिचे अनुकरण मात्र क्वचित होते. वोनअर्फच्या इतिहासाचे महत्त्व या ठिकाणी आहे. रस्त्याचे आवार होण्यासाठी फरसबंदी बदलावी लागते हे खरे. त्याआधी त्या रस्त्याला आपले म्हणणारी माणसे एकत्र यावी लागतात.